महामारी आणि गणना : १९१८ चा इन्फ्ल्यूएन्झा व २०२०-२१ चा कोविड यांच्या आकडेवारीचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास बहुतांशी आकड्यांच्या आधारे लिहिला जातो. किती लोक आजारी पडले, किती दगावले, साथ कोणत्या महिन्यात शिगेला पोहोचली, कोणता प्रांत अधिक होरपळला, या प्रश्नांची उत्तरे सरकारी अहवालांतील कोष्टकांत शोधण्याची इतिहासलेखनाची जुनी परंपरा आहे. परंतु ही कोष्टके रोगाने तयार केलेली नसतात. ती गावकामगार, कारकून, आरोग्य अधिकारी, प्रयोगशाळा आणि शासनयंत्रणा यांनी तयार केलेली असतात. म्हणूनच साथीच्या प्रत्येक आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : एक, रोगाचा प्रत्यक्ष प्रसार आणि दुसरी, तो प्रसार पाहण्याची व नोंदवण्याची समाजाची क्षमता. या दोहोंची गल्लत झाली की साथीचे चित्र विपरीत दिसू लागते. जेथे शोध कसून घेतला जातो तेथे रोग अधिक भासतो आणि जेथे शोधच घेतला जात नाही तेथे सर्व काही आलबेल असल्याचा समज होतो.

२०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविड-१९ च्या साथीमुळे हा प्रश्न अभ्यासकांच्या टेबलावरून घराघरांत पोहोचला. रोज सायंकाळी जाहीर होणारा बाधितांचा आकडा हा सार्वजनिक जीवनाचा भाग बनला. टाळेबंदी, बाजारपेठांच्या वेळा, शाळा, प्रवास यांविषयीचे निर्णय त्याच्या आधारे होऊ लागले. त्या आकड्याचा नेमका अर्थ काय, याची चर्चा मात्र त्या प्रमाणात झाली नाही. प्रस्तुत लेखात १९१८ चा इन्फ्ल्यूएन्झा आणि २०२०-२१ चा कोविड या दोन विषाणुजन्य महामारींच्या भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, गणनेचा तुलनात्मक विचार केला आहे. पहिल्या साथीत रोगाचा विषाणूच ठाऊक नव्हता; दुसऱ्या साथीत विषाणूची जनुकीय ओळख काही आठवड्यांत पटली. असे असूनही दोन्ही साथींचा अंतिम हिशेब एकाच जुन्या साधनावर, म्हणजे मृत्यूच्या नोंदवहीवर, येऊन थांबला. या साम्याचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१९१८ : चाचणीविना मोजलेली साथ

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकजण गोदीत पहाऱ्यावर होता. हा ताप हिवतापाचा नव्हता. पुढील काही दिवसांत गोदी कामगार, गिरण्या व कचेऱ्या यांमधून तापाचे रुग्ण आढळू लागले. मुंबई नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांनी या साथीचा तपशील नोंदवून ठेवला. उन्हाळ्याच्या अखेरची ही लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र अत्यंत घातक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लोकांनी या आजाराला 'मानमोडी' असे नाव दिले आणि पुढे कित्येक वर्षे त्या नावानेच साथीची आठवण सांगितली गेली.

या साथीत 'बाधित' कोणाला म्हणावे, याची कोणतीही कसोटी उपलब्ध नव्हती. १८९२ मध्ये फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णन केलेला जिवाणू हाच इन्फ्ल्यूएन्झाचे कारण आहे, असा त्या काळी अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात हा रोग विषाणुजन्य आहे हे स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या ब्रिटिश संशोधकांनी १९३३ मध्ये मानवी इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू वेगळा केल्यानंतर निश्चित झाले. साहजिकच १९१८ मध्ये रुग्णांची संख्या मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मोजता येण्याजोगी एकच गोष्ट होती आणि ती म्हणजे मृत्यू.

परंतु मृत्यूची नोंद तरी कशी होत असे? खेड्यात ही जबाबदारी गावकामगारांवर होती. मृत्यूची कारणे नोंदवण्यासाठी पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि 'इतर' असे मोजके रकाने असत. वैद्यकीय तपासणी करून कारण लिहिण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. इन्फ्ल्यूएन्झाला स्वतंत्र रकाना नसल्यामुळे त्याने दगावलेला मनुष्य बहुधा 'ताप' या रकान्यात जमा होई, कधी 'श्वसनाचे विकार' या रकान्यात. त्यातच नोंद ठेवणारा माणूस स्वतः आजारी पडला किंवा दगावला तर त्या गावाची वही आठवडेच्या आठवडे कोरी राहत असे. म्हणजेच साथ ज्या गावात सर्वांत भीषण, त्याच गावात नोंद सर्वांत अपुरी, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. ही बाब साथीच्या आकडेवारीचे वाचन करताना पायाभूत मानली पाहिजे.

साठ लाखांपासून पावणेदोन कोटींपर्यंत

भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये साथीविषयीचा प्राथमिक अहवाल सादर केला. 'ताप' या रकान्यातून इन्फ्ल्यूएन्झा वेगळा काढणे अशक्य असल्यामुळे आधीच्या वर्षांतील सरासरी मृत्यूंशी १९१८ च्या मृत्यूंची तुलना करून वाढीव मृत्यू इन्फ्ल्यूएन्झाच्या खाती मांडण्याची पद्धत अवलंबण्यात आली. या हिशेबाने भारतातील मृत्यूंचा आकडा सुमारे ६० लाख निघाला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक लोक दगावल्याचा अंदाज होता.

१९२१ च्या जनगणनेने हे चित्र बदलले. जनगणना आयुक्त जे. टी. मार्टन यांनी नोंदणीतील त्रुटी आणि नोंदणीच नसलेले प्रदेश लक्षात घेऊन मृत्यूंची संख्या १ कोटी २० लाख ते १ कोटी ३० लाख असावी, असा निष्कर्ष काढला. पुढे १९५१ मध्ये किंग्जले डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने हा अंदाज जवळजवळ दोन कोटींपर्यंत नेला. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांनी तो १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाख असा मांडला. २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या आकड्यांची नव्याने मांडणी करून ब्रिटिश अंमलाखालील जिल्ह्यांसाठी सुमारे १ कोटी ३९ लाख हा अंदाज दिला. आजच्या भारताच्या भूप्रदेशाची लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटी झाली. ज्या एका दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्या दशकाचे हे गणित आहे.

या अंदाजांमधील तफावत पाहून ही आकडेवारी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रत्येक नव्या अंदाजामागे एक निश्चित प्रश्न होता. आधाराला घेतलेली वर्षे खरोखर सामान्य होती का? त्या वर्षांत प्लेग व हिवताप यांचा प्रादुर्भाव असल्यास सरासरी आधीच फुगलेली असते आणि वाढीव मृत्यू कमी दिसतात. १९१८ मध्ये पावसाने दगा दिल्याने मुंबई इलाख्यात टंचाई निर्माण झाली होती. मग वाढीव मृत्यूंपैकी किती रोगाचे व किती उपासमारीचे? संस्थानी मुलखातील मृत्यू कोणी मोजले? या प्रश्नांची उत्तरे जसजशी मिळत गेली तसतसा आकडा बदलत गेला. हा बदल म्हणजे नोंदींतील पोकळी हळूहळू भरत जाण्याची प्रक्रिया होती आणि तिला जवळजवळ एक शतक लागले.

२०२० : चाचणी आणि तिच्या मर्यादा

भारतात कोविड-१९ चा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये निश्चित झाला. नमुन्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली. १९५२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था प्रारंभी देशातील या चाचणीचा मुख्य आधार होती. ९ मार्च रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आढळले आणि ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीला महामारी संबोधले. जून २०२० च्या अखेरीस देशातील प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर गेली व जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकूण चाचण्यांनी एक कोटीचा टप्पा ओलांडला. १९१८ च्या तुलनेत ही क्षमता अपूर्व होती, यात शंका नाही.

तथापि चाचणी कोणाची करावयाची, हा निर्णय प्रयोगशाळेत होत नाही. तो धोरणात होतो. प्रारंभीच्या आठवड्यांत परदेश प्रवास केलेले लक्षणयुक्त लोक व त्यांच्या संपर्कातील व्यक्ती यांचीच तपासणी होत असे. २० मार्च २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने श्वसनाच्या तीव्र आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सर्वांचा समावेश केला. यापूर्वी ज्याने प्रवास केला नव्हता असा रुग्ण कोष्टकात येण्याची शक्यताच अल्प होती. त्यामुळे मार्चमधील आकड्यांवरून रोग केवळ प्रवाशांपुरता मर्यादित आहे असे म्हणणे म्हणजे ज्या दालनात दिवा लावला तेवढेच दालन घरात आहे असे मानण्यासारखे होय.

दुसरा प्रश्न चाचणीच्या गुणवत्तेचा. कोणत्याही चाचणीचे दोन गुण पाहावे लागतात. बाधित व्यक्तीला बाधित म्हणून ओळखण्याची क्षमता म्हणजे संवेदनशीलता आणि निरोगी व्यक्तीला निरोगी म्हणून सोडून देण्याची क्षमता म्हणजे विशिष्टता. आर.टी.-पी.सी.आर. चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेते. परंतु नमुना केव्हा व कसा घेतला यावर तिचे यश अवलंबून असते. जून २०२० मध्ये परवानगी मिळालेली जलद प्रतिजन चाचणी अर्ध्या तासात निकाल देणारी होती. परिषदेने केलेल्या मूल्यमापनात तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली, तर विशिष्टता ९९ टक्क्यांहून अधिक होती. म्हणूनच लक्षणे असूनही या चाचणीत निर्दोष ठरलेल्या व्यक्तीची आर.टी.-पी.सी.आर. पद्धतीने फेरतपासणी करावी, अशी सूचना होती. एप्रिल २०२० मध्ये आयात केलेले जलद प्रतिपिंड चाचणीचे संच तर निकालांतील विसंगतीमुळे वापरातून काढून घ्यावे लागले.

चाचणीचा निकाल समाजातील रोगाच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ७० टक्के व विशिष्टता ९९ टक्के आहे, असे समजू. दहा हजार लोकांच्या वस्तीत १ टक्का, म्हणजे १०० लोक बाधित असतील, तर चाचणी त्यांपैकी ७० जणांना ओळखेल. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी ९९ जणांना मात्र चुकीने बाधित ठरवील. एकूण १६९ बाधित निकालांपैकी खरे केवळ ७०, म्हणजे सुमारे ४१ टक्के. त्याच वस्तीत २० टक्के लोक बाधित असतील तर २,००० पैकी १,४०० ओळखले जातील आणि ८,००० निरोगी लोकांपैकी ८० चुकीने बाधित ठरतील. आता १,४८० निकालांपैकी जवळजवळ ९५ टक्के खरे असतील. मात्र ६०० बाधित लोक 'निर्दोष' म्हणून घरी परततील. चाचणी तीच, परंतु साथीच्या प्रारंभी तिची चूक एका दिशेने होते आणि साथ भरात असताना दुसऱ्या दिशेने. त्यामुळे रोग विरळ असताना बाधित निकालाची आणि रोग पसरलेला असताना निर्दोष निकालाची फेरपडताळणी अधिक महत्त्वाची ठरते.

छेदाचा प्रश्न

बाधितांचा आकडा हा अंश आहे. त्याचा छेद म्हणजे चाचण्यांची संख्या. छेदाविना अंशाला अर्थ नसतो. एखाद्या जिल्ह्यात एका आठवड्यात १,००० चाचण्यांमधून १०० बाधित आढळले आणि पुढील आठवड्यात २,००० चाचण्यांमधून १५० आढळले, तर बाधितांची संख्या दीडपट झाली, परंतु चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण १० टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर आले. यांपैकी केवळ पहिले विधान वृत्तपत्राच्या मथळ्यात आले तर भय वाढते; केवळ दुसरे आले तर निष्काळजीपणा. रविवारी चाचण्या कमी होत असल्याने सोमवारी वा मंगळवारी आकडा खाली येई आणि दर आठवड्याला साथ ओसरल्याचा क्षणिक भास होई, हेही याच छेदाचे फलित होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये निर्बंध शिथिल करण्यासाठी चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांहून कमी असावे, असा निकष सुचवला. या निकषामागील तर्क असा की, प्रमाण फार मोठे असेल तर केवळ स्पष्ट लक्षणे असलेल्यांचीच तपासणी होत आहे व बरेच रुग्ण शोधाबाहेर राहत आहेत. ६ मे २०२१ रोजी देशात एका दिवसातील नव्या रुग्णांची संख्या ४ लाख १४ हजारांवर पोहोचली, तेव्हा हे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक होते. त्याच सुमारास गोव्यात काही दिवस तपासलेल्या प्रत्येक दोन व्यक्तींपैकी जवळजवळ एक बाधित निघत होती. अशा वेळी जाहीर आकडा हा साथीचा आकार सांगत नाही; तो प्रयोगशाळेची कमाल क्षमता सांगतो.

मात्र प्रमाण हादेखील स्वयंसिद्ध निकष नव्हे. कमी संवेदनशील प्रतिजन चाचण्यांचा वाटा वाढवला, किंवा लक्षणे नसलेल्या प्रवाशांची सरसकट तपासणी केली, तर रोग तसाच असतानाही प्रमाण खाली येते. काही राज्यांनी प्रतिजन चाचण्यांवर अधिक भर दिल्यामुळे राज्याराज्यांमधील प्रमाणांची सरळ तुलना करणे सदोष ठरले. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत घरच्या घरी करावयाच्या चाचण्या प्रचलित झाल्या होत्या आणि बाधितांच्या संपर्कातील लक्षणरहित व जोखीम नसलेल्या व्यक्तींची तपासणी आवश्यक नाही, अशी सूचनाही परिषदेने दिली. त्यानंतरच्या आकड्यांची २०२० च्या आकड्यांशी तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच राशीत टाकणे होय.

प्रतिपिंडांची साक्ष

शोधाबाहेर किती लोक राहिले, याचे उत्तर रक्तातील प्रतिपिंडांच्या सर्वेक्षणांनी दिले. परिषदेच्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मे-जून २०२० मध्ये प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के आढळले. हा आकडा लहान दिसतो. परंतु त्याचा अर्थ असा होता की, मे महिन्याच्या प्रारंभापर्यंत सुमारे ६४ लाख लोकांना संसर्ग होऊन गेला होता आणि नोंदवलेल्या प्रत्येक रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग नोंदीबाहेर राहिले होते. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्वेक्षणात हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. अर्थात तोवर सुरू झालेल्या लसीकरणाचाही त्यात वाटा होता.

मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि अन्य वस्तीतील १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी नोंदवलेले बाधित शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत होते. सामायिक शौचालये, दाट वस्ती आणि घरात थांबण्याची अशक्यता यांमुळे रोग कोठे पसरला, हे चाचण्यांच्या कोष्टकात दिसले नव्हते. रक्ताच्या नमुन्यांत ते दिसले. याच सर्वेक्षणाच्या आधारे संसर्गितांमधील मृत्यूचे प्रमाण ०.०५ ते ०.१० टक्के इतके अल्प असल्याचे सांगण्यात आले. येथे छेद दुरुस्त झाला होता, परंतु अंश, म्हणजे मृत्यूंची संख्या, पूर्वीच्याच नोंदीतून घेतलेली होती. त्यातील त्रुटी तशाच राहिल्यास गुणोत्तर वास्तवाहून लहान येते.

केरळचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस देशातील दैनंदिन रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या केरळात नोंदवले जात होते. रोजचा आकडा वाचणाऱ्यास हे राज्य सर्वांत अपयशी वाटले असते. परंतु चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रतिपिंडांचे प्रमाण केरळात ४४.४ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी, तर मध्य प्रदेशात ७९ टक्के आढळले. केरळात अनेकांना तोवर संसर्गच झालेला नव्हता आणि ज्यांना होत होता त्यांची नोंद अधिक प्रामाणिकपणे होत होती.

मृत्यूची नोंदवही

चाचण्यांचा एवढा पसारा असूनही कोविडची अंतिम किंमत मोजताना अभ्यासकांना पुन्हा १९१९ मधील व्हाइट यांच्याच मार्गाने जावे लागले. ज्याची चाचणीच झाली नाही त्याचा मृत्यू कोविडच्या खाती जात नव्हता. ज्यांची चाचणी झाली होती, त्यांच्याही नोंदी वेळेवर जुळत नव्हत्या. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधीच्या नोंदींची पडताळणी करून १,३२८ मृत्यू एकाच दिवशी समाविष्ट केले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. जून २०२१ मध्ये बिहारने आपला आकडा सुमारे साडेपाच हजारांवरून ९,४२९ वर नेला. आलेखातील हे उंचवटे त्या दिवशीचे मृत्यू दाखवत नाहीत. ते नोंदीची दुरुस्ती दाखवतात. भावी अभ्यासकाने ते नेमके ओळखले पाहिजेत.

२०२१ च्या अखेरीस देशातील अधिकृत कोविड मृत्यूंची संख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. भारत सरकारने त्यामागील गणिती प्रारूपावर आक्षेप घेतला. पुढे मे २०२५ मध्ये २०२१ च्या नागरी नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात नोंदवलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख व २०२० मध्ये ८१.२ लाख होते. २०२१ मध्ये ते १ कोटी २ लाखांवर गेले. या वाढीतील काही भाग नोंदणीच्या सुधारणेचा आहे आणि अतिरिक्त मृत्यूंमध्ये उपचार न मिळालेल्या अन्य रुग्णांचाही समावेश होतो. तरीही एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ अधिकृत कोविड मृत्यूंच्या संख्येत बसत नाही, हे उघड आहे. २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू जेमतेम २२.५ टक्के होते. म्हणजे शंभर वर्षांनंतरही बहुसंख्य मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या अनिश्चितच राहिले. 'ताप' हा रकाना बदलला, परंतु त्यामागील उणीव पूर्णपणे नाहीशी झाली नाही.

गणना आणि न्याय

आकड्यांचा हा प्रश्न केवळ सांख्यिकीचा नाही. १९१८ च्या मुंबईतील मृत्यूंची समाजनिहाय नोंद उपलब्ध आहे. त्या काळच्या वर्गवारीनुसार 'कनिष्ठ जातीं'च्या हिंदूंमध्ये दर हजारी ६१.६, अन्य हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, पारशांमध्ये ९ आणि युरोपीयांमध्ये ८.३ असे मृत्यूंचे प्रमाण होते. शहराची एकच सरासरी दिली असती तर एकाच शहरातील ही सातपटींहून अधिक तफावत इतिहासाला कळलीच नसती. कोणते रकाने ठेवले, यावर पुढील पिढ्यांना काय दिसणार हे ठरते.

गणनेत येण्याची भीती हीदेखील नोंदींची एक मर्यादा आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी लष्करी शिपायांकरवी झालेल्या घरझडत्यांमुळे लोक रुग्ण लपवू लागले, हे सर्वश्रुत आहे. २०२० मध्ये रुग्ण आढळताच इमारत सीलबंद होई व कुटुंबास विलगीकरणात जावे लागे. साहजिकच अनेकांचा कल चाचणी टाळण्याकडे झाला. ज्या नोंदीमुळे माणसाचे नुकसान होते, ती नोंद अपुरीच राहते.

याउलट नोंदीमुळे हक्क मिळणार असेल तर तीच माणसे पुढे येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निर्देशानंतर कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना ५० हजार रुपये देण्याची तरतूद झाली आणि चाचणीत बाधित आढळल्यानंतर ३० दिवसांतील मृत्यूही सामान्यतः कोविडचा मानण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातमध्ये अधिकृत मृत्यूंची संख्या सुमारे दहा हजार असताना ८९ हजारांहून अधिक अर्ज दाखल झाले होते. महाराष्ट्रातही अर्जांची संख्या नोंदवलेल्या मृत्यूंहून बरीच अधिक होती. अर्जांमध्ये काही दुबार वा अपात्र असणे शक्य आहे, तथापि एवढे अंतर केवळ त्यामुळे पडत नाही. ज्या घरात मृत्यू झाला, परंतु चाचणीचा कागद नव्हता, त्या घरासाठी 'बाधित' या शब्दाची व्याख्या हा प्रत्यक्ष उपजीविकेचा प्रश्न होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, बाधितांची जाहीर संख्या हे रोगाचे थेट मोजमाप नसून रोग आणि शोधयंत्रणा यांच्या संयोगाचे मोजमाप आहे. कोणाची, कोणत्या चाचणीने, किती प्रमाणात व कोणत्या दिवशी तपासणी झाली, हे चार तपशील सोबत असल्याशिवाय तिचा अर्थ लावू नये. दुसरा, अधिक आकडा हे नेहमीच अपयशाचे आणि अल्प आकडा हे नेहमीच यशाचे लक्षण नसते. केरळचे उदाहरण याची साक्ष देते. तिसरा, चाचणीचे तंत्र कितीही प्रगत झाले तरी ते मृत्यूनोंदणीची जागा घेऊ शकत नाही. १९१८ च्या साथीचे खरे परिमाण जनगणनेने व नोंदवह्यांनी उलगडले. कोविडचेही तसेच उलगडत आहे.

म्हणूनच पुढील महामारीची तयारी केवळ प्रयोगशाळांची संख्या वाढवून पूर्ण होणार नाही. गावपातळीवरील मृत्यूची वेळेवर नोंद, तिचे वैद्यकीय प्रमाणीकरण आणि त्या नोंदी विनाविलंब अभ्यासकांसाठी खुल्या करणे, ही कामे साथ नसतानाच्या शांत वर्षांत करावयाची आहेत. 'मानमोडी'ने दगावलेल्या लाखो लोकांची गणती एका शतकाच्या परिश्रमानंतरही अंदाजापलीकडे जाऊ शकलेली नाही. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वाट्याला तीच अनिश्चितता येऊ नये, असे वाटत असेल तर आकड्यांचे वाचन जितक्या काळजीने करावयाचे, तितक्याच काळजीने त्यांची नोंदही केली पाहिजे.